माफीची भुकटी

काका : नाही हो ताई, त्याच्या बदल्यात काही नको मला. तोच फोन हवा. काळा, कोपऱ्यात तडकलेला, पिवळं रबर लावलेला.

ताई : काका, आम्ही जुन्या फोनमधून धातू काढतो. इथे आलेला फोन परत कसा मिळेल? कोणी दिला होता?

काका : बायकोनं! मी दाढी करत होतो, तेवढ्यात देऊन मोकळी.

ताई : फोटो होते का त्यात?

काका : फोटो गेले खड्ड्यात! त्यात ती ‘माझं चुकलं’ म्हणालीय.

ताई : काकू?

काका : एकतीस वर्षांत एकदाच! कपाट दारातून जाणार नाही म्हणून हटून बसली होती. मी म्हटलं, आडवं करा, जाईल. गेलं! मी तोवर कामावर गेलो होतो, म्हणून तिनं फोन करून कबूल केलं आणि फोनात आपोआप टेप झालं.

ताई : आणि तुम्ही ते ऐकता?

काका : भांडणात हरलो की ऐकतो. म्हणजे रोजच.

ताई : (आतून एक बरणी आणून) ही बघा. सकाळचा ढीग. बॅटऱ्या काढल्या आणि बाकी सगळं दळलं.

काका : दळलं? अरे देवा! यात माझी बायको कुठली?

ताई : यातून तांबं निघेल, चांदी निघेल, कणभर सोनंही निघेल. आवाज नाही निघत, काका.

काका : एकदा चाळून तरी बघा!

काकू : (मागून येत) चाळा हो. यांचं समाधान होऊ दे.

काका : तू? तू इथे कशाला?

काकू : नीट दळला का, ते बघायला.

काका : म्हणजे मुद्दाम दिलास?

काकू : मग काय! गच्चीत बसून डोळे मिटून बायकोचा आवाज ऐकता. शेजारणीला वाटलं, मी गेले! परवा मला भाजी घेताना बघून किंचाळली ती.

काका : पण मला तेवढाच आधार होता गं. खरंच रडू येतंय मला.

काकू : अहो, लोक बघतायत... बरं. तुम्हाला न विचारता दिला, ते चुकलं माझं.

काका : थांब! थांब हं! माझा नवा फोन... अरे, तो गेटवर ठेवून घेतला!

ताई : सगळ्यांचाच ठेवतात, काका. माझाही. नाहीतर ढिगात मिसळतो आणि दळला जातो.

काका : मग मी हे परत ऐकू कसं?

काकू : पाठ करा.