बॉबण्णाची तिथी

नाही गं वर्षिणी, तू आधी बस — तो ढीग सरकव तिकडं, दसऱ्याचे ब्लाउज आहेत, अकरा, आणि सगळ्यांना परवा घरात बाहुल्या मांडायच्या आधी हवेत — हां, तिथंच, मशीनशेजारी. तर तुझ्या मामंजींनी निरोप दिलाय, उद्या अमावास्या, वहिनींना येलवालला आपल्या घरी जेवायला आण. बरोबर? गेल्या वर्षी सुधींद्रला पाठवलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी नुसता फोन. यंदा सुनेला पाठवलं, म्हणजे मला नाही म्हणायला जड जावं. हुशार आहेत भावजी. पण मी यायची नाही. सांग, गुडघा दुखतो म्हणून. अगदीच खोटं नाही ते, डावा दुखतोच.

काय म्हणालीस? आपल्या पितरांचं जेवण? हे तुला सुधींद्रनं सांगितलं? लग्नाला दीड वर्ष झालं आणि नवऱ्यानं बायकोला एवढं सांगू नये — लाज वाटली असेल, दुसरं काय. अगं, पितरांचं नावाला. ते पान बॉबी लारमीचं असतं. — लारमी. — अमेरिकेतला. — हो, गोराच. नाही गं, आपलं कुणी नाही तिकडं, नात्यातलाही नव्हे, रेसच्या गाडीचा ड्रायव्हर तो. तुमच्या हॉलमध्ये फोटो आहे ना, हार घातलेला, भगव्या कपड्यांतला? — स्वामीजी? अय्यो! रोज नमस्कार करतेस? दीड वर्ष? — कर, कर, थांबवू नकोस, माणूस चांगला होता.

आता हसू नकोस, नीट ऐक. तुझे हे मोठे मामंजी, माझे हे, हणमंतराव, आणि तुझे मामंजी जगन्नाथराव, दोघं भाऊ तेव्हा याच खोलीत शिवायचे, शाळेचे गणवेश. घरात नवीन केबल आलेली. एका सोमवारी सकाळी सहाला टीव्ही लावला, तर काय, गाड्या गोल गोल फिरतायत. गाडी म्हणजे कशी — चाकं उघडी, ड्रायव्हरचं डोकं उघडं, वर छप्पर नाही, पडदा नाही. मी म्हटलं, अंगात नुसतं अस्तर घालून बाहेर पडल्यासारखी गाडी आहे ही. पण यांचं लक्ष गाडीकडं कुठं? शिंप्याची जात, यांनी बघितला तो ड्रायव्हरचा झगा. त्यावर चौदा बिल्ले शिवलेले, आणि डाव्या खांद्यावरचा एक बिल्ला कोपऱ्यात उसवलेला. पुढच्या सोमवारी बघतात, तर तो तसाच. महिन्यानं बघतात, तसाच लोंबतोय! यांचा जीव नुसता तळमळायला लागला. म्हणाले, अंबू, याच्या घरी बघणारं कुणी नाही गं. भावजी म्हणाले, दोन टाके घातले तर होतंय. त्या दिवसापासून तो आमचा. बॉबीचा बॉबण्णा झाला. पत्र लिहिलं यांनी अमेरिकेला, झगा पाठवून द्या, शिवून परत पाठवतो, मजुरी नको. झगा नाही आला, पण फोटो आला — तोच, तुझे स्वामीजी. फोटोतसुद्धा बिल्ला लोंबतोय, नीट बघ घरी जाऊन.

जिंकायचा नाही गं कधी. दुसरा, तिसरा, एकदा तर शेवटच्या फेरीत पेट्रोल संपलं. तिकडं एक मोठी रेस असते, जिंकला की दुधाची बाटली देतात हातात, आणि माणूस तिथंच घटाघटा पितो. भावजी म्हणायचे, बॉबण्णा दूध प्याला की सगळ्या गल्लीला बासुंदी. आमच्या गल्लीला कधी बासुंदी मिळाली नाही.

आणि मग ती अमावास्या. महालयाची, रविवारची. तिकडची दुपार म्हणजे इकडची रात्र, आणि रात्री केबलवाला लाईन बंद करायचा, म्हणून आम्ही नेहमी सोमवारी सकाळी पुन्हा दाखवायचे तेच बघायचो. रविवारी सगळे जेवलो, दोघं भाऊ पैज लावून झोपले. सोमवारी सकाळी मी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतेय, दसऱ्याचा पहिला दिवस ना, घट बसतात तो — लाकडी राजा-राणी हातात, अजून बसवले नव्हते — आणि हे ओरडले. वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या, बॉबण्णाला जागाच नव्हती. भिंतीला गाडी लागली आणि मग — जाऊ दे. बराच वेळ ते लोक काही बोलत नव्हते टीव्हीवर. त्यावरून कळलंच. भावजी एवढे मोठे, मिशीवाले, शर्टाची बाही तोंडात धरून रडले. मीही रडले. मला काय, मी बघायचे नाही फारशी, पण घरातला माणूस गेल्यासारखं झालं, खरंच सांगते.

वर्ष झालं तसं हे म्हणाले, त्याला घास ठेवायचा. चिदंबर भटजींकडं गेले दोघं. भटजी सज्जन माणूस, आधी हसले नाहीत. गोत्र काय विचारलं. गोत्र कुठलं! ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप, चालतं. बापाचं नाव? सायबर कॅफेत जाऊन काढून आणलं — बाप रॉबर्ट, आजा रॉबर्ट, पणजाही रॉबर्ट. भटजी म्हणाले, बरं झालं, पाठ करायला सोपं. मग विचारलं, मृताला काय आवडायचं? आता हे कुणाला ठाऊक? अमेरिकेत बन खातात एवढं माहीत होतं, म्हणून मी बनमध्ये आंबोडे, आपले डाळीचे वडे, घालून दिले. आणि पेल्यात दूध. कावळ्यानं बन असा उचलला म्हणून सांगू, जन्मभर तेच खात आल्यासारखा.

मग बिनसलं कुठं? तिथीवर. भटजींनी तिथी विचारली, तर हे म्हणाले अमावास्या, माणूस रविवारी गेला. भावजी म्हणाले, नाही, दसऱ्याचा पहिला दिवस, कारण आपल्याला कळलं सोमवारी, आणि परदेशात गेलेल्याचं ज्या दिवशी कळतं तो दिवस धरतात. भटजी म्हणाले, तो नियम तारीख माहीत नसेल तर. भावजी म्हणाले, आम्हाला कुठं माहीत होती! झालं. काही वर्षं दोन्ही दिवस केले. आदल्या दिवशी बन, दुसऱ्या दिवशी बन. मी कानडीतच ओरडले, साकु! पुरे आता, एकीकडं बाहुल्या बसवायच्या आणि दुसरीकडं कावळा बोलवायचा, मला दोनच हात आहेत. एक ठरवा म्हटलं. माझंच चुकलं बघ. ठरवायला बसले आणि उठले ते भांडून. हे म्हणाले, तुला घड्याळ कळत नाही. भावजी म्हणाले, तुला माणूस कळत नाही. भावजींनी आपली मशीन उचलली आणि येलवालला गेले. सहा वर्षं बोलणं नाही! एका अमेरिकन माणसाच्या तिथीवरून! लोकांना सांगायचं तर काय सांगायचं, आम्ही सांगायचो जागेवरून भांडण आहे. जागेवरून म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.

मग हे गेले. तीन वर्षं झाली. आम्हाला मूल नाही, तुझ्या सुधींद्रनंच सगळं केलं, पोरगं गुणाचं आहे. दहाव्याला श्रीरंगपट्टणाजवळ पश्चिमवाहिनीला, नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे इतके, सगळे झाडावर, एक खाली येईना. सुधींद्र म्हणाला, काकूला मी बघेन. कावळा नाही. माझा भाऊ म्हणाला, अंबूला काही कमी पडू देणार नाही. नाही. कुणी म्हणालं राहिलेले गणवेश पुरे करू, कुणी म्हणालं पिवळ्या मांजराला दूध घालू. ऊन डोक्यावर आलं, पुढची दोन कुटुंबं जागेसाठी थांबलेली. आणि मागून भावजी आले. पाण्यात उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले — हणमंता, बॉबण्णाची तिथी अमावास्याच. — वर्षिणी, शपथेवर सांगते, शब्द संपला नाही तोवर कावळा पिंडावर. मागचे लोक विचारायला लागले, बॉबण्णा कोण, थोरला मुलगा का?

तेव्हापासून भावजी अमावास्येला पान मांडतात. भावाला शब्द दिला म्हणून. इतका हट्टी माणूस, सगळ्यांच्या देखत वाकला. आणि मी जात नाही. तुला वाटतंय ना, ही बाई काय दगडाची आहे?

अगं, मी कुठल्या तोंडानं जाऊ? हे शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, मला जवळ बोलावून काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, अंबू, जगन्नाथच बरोबर होता. रविवारी आम्ही पैज लावून झोपलो तेव्हा बॉबण्णा आमच्यात होता की. आमच्या घरात तो सोमवारी गेला. मी म्हटलं, बोलावते भावजींना, सांगा त्यांना. तर म्हणाले, सुम्ने राहा, गप्प, डोक्यावर बसेल तो! — असे हे. हसतच म्हणाले. आणि दोन दिवसांनी संपलं. म्हणजे बघ, ज्याच्यासाठी भावजी वाकले, तो आधीच त्यांच्या बाजूला गेला होता. मग कावळा कशासाठी शिवला? मला विचारशील तर, भाऊ आला म्हणून शिवला. तिथीचं त्याला काय. पण हे भावजींना सांगू कशी? तुमचं वाकणं फुकट गेलं म्हणून सांगू? समोर बसून त्यांनी वाढलेला एक घास घेतला, तरी माझ्या तोंडातून निघेल. माझं तोंड तुला दिसतंयच. म्हणून मी इथं एकटीच, बाहुल्या बसवल्या की, पहिल्या दिवशी, यांच्या शब्दासाठी मागच्या भिंतीवर बन ठेवते. तीन वर्षं एकटी ठेवते. एवढी माणसं असून एकटी जेवते बघ सणाला.

हे मी तुला का सांगितलं? हे कुणालाच सांगितलं नव्हतं. शपथ घे. मशीनवर हात ठेव. मामंजींना एक अक्षर — काय? मघापासून काय बोलायला बघतेयस? बोल की.

गच्चीवर? कोण, भावजी? — गेल्या वर्षी? अमावास्येला ना? — दसऱ्याच्या पहिल्या दिवशी? — तापायला ठेवलेलं पाणी गॅसवर सोडून, बनची पुडी घेऊन? — एकटेच?

आणि तू विचारलंस? — कबुतरांना म्हणाले?

कबुतरांना कसलं गं, बॉबण्णाला.

डोळ्यात काही गेलंय, दोऱ्याचा तंतू. ऊठ. ती शाल दे. रिक्षा गेली का तुझी? थांबव त्याला, हाक मार, मला दोन मिनिटं. — उद्या नव्हे गं, आत्ता! ब्लाउज राहू देत, अकराच्या अकरा बाया येऊन ओरडू देत. आणि हे बघ, तिथं गेल्यावर तू मध्ये काही बोलायचं नाहीस, मी बोलेन. फार बडबडतेस बाई तू.