गजावरची खूण

बसा हो भाऊ, उभ्या उभ्या तक्रार केली की माझं डोकं चालत नाही. काय म्हणालात — ठिणगीचा प्रायमर फुटतो आणि बार होत नाही? म्हणजे बंदूक बिघडलेली, आणि बंदूक बिघडलेली म्हणजे ती करणाऱ्या व्हेस्टर कॉम्ब्सचं डोकं बिघडलेलं, असंच ना? बोला की. खाली चर्चच्या अंगणात हेच चाललंय, मला काय कळत नाही होय? माझा नवरा विसरतो म्हणे. चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला तर अख्ख्या खोऱ्याने त्याला खुळ्यात काढलं. त्या शेजारच्या बर्थाचा नवरा शुद्धीवर असताना काय दिवे लावतो ते नाही कुणाला दिसत. अशा चार गोष्टी पसरल्या ना, की दुकान बंद करायचं आणि माणसाला खिडकीत बसवायचं. मग तो जगेल? एक हिवाळासुद्धा काढायचा नाही.

द्या इकडे. ही बघा, छत्तीस कॅलिबरची नळी, करंगळीसुद्धा धड जात नाही आत — खारीसाठी दुसरं काय हवं? पण तुम्हा लेक्झिंग्टनच्या शहरी लोकांचं वेगळंच. ठिणगी बाजूने नको, सरळ मागून हवी, वर दुर्बिणीला जागा हवी, दस्ता आखूड हवा, अक्रोडाचाच हवा. आमच्या नेमबाजीच्या क्लबातले म्हातारे असल्या बंदुकीला नळाचा पाइप म्हणतात, दाराशी उभी करू देत नाहीत. तरी केली. व्हेस्टरने केली. म्हणजे दस्ता मी घासला, तो काय, बायका नेहमीच घासतात. आणि मागच्या बुचाचे आटे, ते पण मीच — नजरेचं काम आहे ते, त्याची नजर थकलीय. चाप मी जुळवला. पण बाकी सगळं त्याचं. बाकी काय म्हणजे? बाकी सगळं. तुम्ही काय पोलीस आहात का?

आणि एवढ्याशा नळीत काजळी किती पटकन धरते सांगितलं होतं ना? प्रत्येक बारानंतर ओलं फडकं फिरवायचं. फिरवत नाहीत लोक. गोळी अडकली की आमच्या नावाने शंख. थांबा, आधी हा गोळी ठासायचा गज नळीत घालू. या गजावर दोन खुणा आहेत बघा, चाकूने कोरलेल्या. रिकामी असली तर ही वरची खूण नळीच्या तोंडाशी येते, भरलेली असली तर ही खालची. प्रत्येक बंदुकीला व्हेस्टर अशा खुणा करूनच देतो, आणि भरल्यावर गज घालून बघितल्याशिवाय — हे काय? दोन्ही खुणा बाहेरच? खालच्या खुणेच्याही खाली चांगलं बोटभर लाकूड बाहेर राहतंय. दोनदा भरलीत तुम्ही भाऊ. एकावर एक.

आता मला एक सांगा, शिकली सवरली माणसं तुम्ही — प्रायमर काढलात ना? नशीब. हे मागचं बूच काढते आणि पुढून ढकलते, बघा काय निघतंय. तोंडातून भरताना दारू आधी, गोळी मग; म्हणजे मागून आधी दारू निघायला हवी. निघाली काय? गोळी. कोरडी गोळी. म्हणजे दारू घालायलाच विसरलात. बरं, तो गुन्हा नाही, आमच्यात सगळेच एकदा तरी करतात, क्लबात त्याला दिवसभर सगळ्यांची ताटं घासायला लावतात आणि हसतात. पण त्याच्यावर ही दारू, आणि दारूवर ही दुसरी गोळी? पहिली भरली हेच विसरलात? असं कोण विसरतं? भाऊ, असा माणूस बंदुकीजवळ फिरकू नये. त्याच्या घरच्यांनी तरी —

थांबा. ही चिंधी कुठली? गोळीभोवतीची, निळ्या रेघांची. गादीच्या खोळीचं कापड आहे हे, मी कापते, मी मेण-चरबीत बुडवते. तुम्हाला दिलेल्या डब्यात तर विकतच्या पांढऱ्या आहेत. डबा अजून उघडलाच नाही तुम्ही? मग हिच्यात —

शनिवारी. मागे, शेडपाशी. व्हेस्टरने भरून दाखवली, म्हणता. आणि तुमच्याशी बोलता बोलता पुन्हा भरली. तुम्ही का नाही — बरोबर, तुम्हाला काय ठाऊक. आणि मग? पाणी आणतो म्हणून आत गेला आणि आलाच नाही. भरलेली बंदूक तुमच्या हातात ठेवून. भाऊ, व्हेस्टरने कधी सख्ख्या भावाच्या हातात भरलेली बंदूक दिली नाही. मी त्या वेळी ओट्याशी घेवडा निवडत होते. तो आला, हात धुतले, जेवायला काय आहे म्हणाला. कोण आलं होतं विचारलं तर म्हणाला, कुणी नाही.

दारू जर पहिल्या खेपेला पडली असती. आणि वर पुन्हा तेवढीच, तर नळीच फुटली असती. तुमचा गाल इथे असतो, या लाकडावर. नका, काही बोलू नका. भीती वाटतेय मला. वर्षभर वाटतेय.

पायरी वाजली, तोच येतोय. ऐका माझं. तुम्ही भरली म्हणून सांगा. दोन्ही वेळा तुम्हीच. तो तासभर बोलेल, तुमची अक्कल काढेल, मान खाली घालून ऐका. रागावला की तो अगदी पहिल्यासारखा असतो, एक शब्द चुकत नाही. तुमची बंदूक मी जन्मभर फुकट दुरुस्त करीन. बंदुकीच्या दारूच्या कपाटाची किल्ली आजपासून माझ्या गळ्यात. त्याने विचारली तर म्हणेन, तूच कुठेतरी हरवलीस. पटेल त्याला. लगेच पटेल.

इथेच आहे रे, ये आत. हे बघ लेक्झिंग्टनचे साहेब, काय करून आणलंय तुझ्या बंदुकीचं. तूच सांग यांना.