पिंजऱ्यातलं सोयर

तुळजापूरहून धाराशिवला निघालेल्या गाडीत पुढच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या. भागवतरावांना दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी उकडत असूनही वाऱ्याचा आवाज नको म्हणत खिडकी बंद केली.

"दैवशालाताई, तुमच्यामुळं आमची पिंजऱ्यातली फिंच चिमणी वाचली बघा."

"व्हय? छातीचं हाड वर आलतं की वो तिचं, अस्मितावहिनी."

"पिल्लांना भरवता भरवता स्वतः वाळत चालली होती. आम्ही नुसते राळ्याचे दाणे घालत होतो. तुम्ही तुमच्या कोंबडीचं अंडं देऊन 'उकडून घाला' म्हणालात, पण ते घरात न्यायचं कसं? घर उपाध्यांचं आमचं!"

"मग चोरून दिलं का काय?"

"छे, सासूबाईंना विचारलं. त्यांनी पिंजऱ्यापाशी जाऊन पिल्लं मोजली. मग म्हणाल्या, 'घरात पिल्लं झाली म्हणजे आपल्याला सोयर आलं. सोयरात देवपूजा बंद, मग सोवळं कुणासाठी पाळायचं?'"

"अगं बया! अन् अंडं कुस्करलं कुणी?"

"त्यांनीच. कवचासकट."

"आता बरी हाय न्हवं?"

"गुबगुबीत झालीय. पिल्लंही उडायला लागली."

"मग फिटलं की सोयर. अंडं बंद झालं आसंल."

"कुठलं! बाळंतिणीला सव्वा महिना जपतात म्हणे. आणि हे घ्या, सासूबाईंनी ओटीचे गहू आणि खण पाठवलाय."

"माझी ओटी? कशापायी वो?"

"तुमची नाही, तुमच्या कोंबडीची. खण तेवढा तुम्ही ठेवा म्हणाल्या."