बाबांची सही

हॅलो?… हॅलो, त्रूदा? हो, हो, मीच, हर्मिना. जरा मोठ्याने बोल गं… हैफाहून तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

आत्ताच पोचले प्रागला. पायातले बूटसुद्धा काढले नाहीत अजून… हो, गेले होते लिपोव्काच्या कोर्टात… एकटीच. या वयात सोबतीला कोण येणार?

…नाही झालं.

अगं, नाही म्हणजे नाही! खटला परत उघडणार नाहीत. कागदोपत्री आपले बाबा खुनी ते खुनीच.

…अगं ऐक ना! ओरडू नकोस. तिथली मुलगी चांगली होती. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, ‘आजी, तुमच्या वडिलांना एकोणीसशे अठरा साली माफी मिळाली. माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला, असंच कायदा धरतो.’

…मीही तेच म्हटलं! सतरा वर्षं तुरुंगात होते, एकदाही कबूल केलं नाही. मग तिने अर्जच पुढे ठेवला. ‘माझ्या हातून घडलेल्या अपराधाची क्षमा असावी.’ अक्षर दुसऱ्याच कुणाचं… पण सही बाबांची. वाकडीतिकडी. ओळखली मी.

…भित्रे नको म्हणूस त्यांना! तुला काय माहीत? बाबा वारले तेव्हा तू सहा वर्षांची. आजीने निरोप धाडला होता, माझे डोळे चालले, सही कर आणि ये. म्हणून केली… हो, आले ना घरी. आजीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘कोण रे तू?’

…आईने सांगितलं होतं मला. तुला कशाला सांगायचं?

…कसला पुरावा घेऊन बसलीस! रानात ती पोरगी, बार्बोरा, मेलेली सापडली. ज्यू लोक वल्हांडण सणाच्या भाकरीत ख्रिस्ती पोरीचं रक्त मळतात, एवढं कुणीतरी म्हणायचा अवकाश. आणि वेशीवर आपले बाबा, एकटेच ज्यू, जोडे शिवत बसलेले… नाही, आता फाइलही नाही. लढाईत जळाली. तो अर्ज तेवढा राहिला.

…हो, रानातही जाऊन आले. बार्बोरा सापडली तिथे… मेणबत्त्या होत्या. ताज्या. पाटीला नवा रंग दिलाय… काय लिहिलंय ते तुला ठाऊक आहे. मला वाचायला लावू नकोस.

…नाही, एकटी नव्हते. बसथांब्यावर एक म्हातारे मास्तर भेटले. माझी पिशवी घेतली, चढावर हात दिला. फार सज्जन गं. तिथे उभे राहून म्हणाले, ‘बाई, आमच्या बार्बोराला ज्यूने मारलं ते इथेच. शाळेतल्या पोरांना दरवर्षी घेऊन यायचो मी.’

…हो, अस्संच. हवापाणी सांगावं तसं.

…मी?

…ऐकू येतंय मला, त्रूदा. मी काय म्हणाले ना…

म्हटलं, ‘हो का?’

…अगं, शेवटची बस होती, अंधारून आलं होतं… नाही. बसचं काही नाही. घाबरले मी. त्र्याहत्तर वर्षांची बाई, आणि घाबरले. नावसुद्धा खोटं सांगितलं. त्यांनी परसातले आलुबुखार दिले, तेही घेतले… हो, घेतले. बसमध्ये दोन खाल्ले. गोड होते गं.

…त्रूदा?

…बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर.

…हॅलो?