कुणी बोलावलं होतं त्याला?

...आणि वर मलाच विचारतं, "तुम्हाला खात्री आहे का?" अहो, खात्री आहे म्हणूनच फुलीवर दाबलं ना! मी काय हौस म्हणून दाबतोय? कॉम्प्युटर माझा, वीज माझी, खुर्ची माझी. कामासाठी म्हणून सुरू करावा, तर तो धड जागासुद्धा होत नाही, तोवर हा मेसेजचा प्रोग्रॅम पडदाभर पसरून बसलेला! टिंग! ताईचा मेसेज. टिंग! ताईच्या मेसेजला ताईनंच दाखवलेला अंगठा. मी म्हणतो, कुणी बोलावलं होतं त्याला?

तुम्ही म्हणाल, वाजलं तर वाजलं, त्यात काय एवढं! बरोबर आहे तुमचं. कारण तुमचा धंदा वेगळा आहे. मी पुस्तकं वाचतो. म्हणजे मोठ्यानं वाचतो, ती रेकॉर्ड होतात, आणि मग लोक भांडी घासताना, फिरायला जाताना कानाला लावून ऐकतात. एक बाई तर म्हणे माझा आवाज ऐकल्याशिवाय झोपतच नाहीत... आता ही स्तुती की आणखी काही, ते मी अजून ठरवलेलं नाही, जाऊ दे. तर स्टुडिओ म्हणजे आमच्या बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. हसू नका! ऐसपैस आहे. आत स्टूल, फळीवर कॉम्प्युटर, समोर माइक, आणि चहूबाजूंनी कोट, स्वेटर, रजया. आवाज घुमत नाही. बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. हे आतलं बाहेर न जाण्याचं काय झालं, ते सांगतोच तुम्हाला.

सध्या वाचतोय ती रहस्यकथा. हा एवढा ठोकळा! पानोपानी खून. शेवटचं प्रकरण आलं, सगळे एका खोलीत जमले, इन्स्पेक्टर प्रत्येकाकडे रोखून बघतोय, मी आवाज अस्सा खाली आणला, श्वास धरला... "खुनी याच खोलीत आहे. आणि त्याचं नाव..."

टिंग!

ताई. "उठलास का रे?"

दुपार होती हो! पुन्हा पहिल्यापासून. सगळे जमले, रोखून बघितलं, श्वास धरला, "त्याचं नाव..." टिंग! ताई. "बरं, नसशील उठला तर झोप." सांगा, कुणी बोलावलं होतं त्याला? नाही, ताईला मी काही म्हणत नाही. ताई थोरली आहे, तिनं मला कडेवर वागवलंय, तिला हक्क आहे. पण ह्या प्रोग्रॅमनं मला कधी कडेवर घेतलं होतं?

आणि इकडे संपादकबाई! त्यांचा आवाज म्हणजे बर्फाच्या खड्यावर मध. "सरऽ, संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रकरण हवंय हं. आणि सर, मागच्या प्रकरणात प्रेताशेजारी काहीतरी वाजलं बघा. ते प्रेताचं आहे की आपलं?" मी म्हटलं, "आपलं." तर म्हणाल्या, "मग काढा ना सरऽ. तुम्हाला जमत नसेल तर पुढची पुस्तकं आपण दुसऱ्या कुणाला..." पुढचं बोलल्याच नाहीत. मधाचा थेंब खाली पडून जिथल्या तिथे गोठला!

लगेच कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो आपला कायम आनंदात. घर जळत असलं तरी म्हणेल, "काही नाही साहेब, बंद करून परत चालू करा." मी म्हटलं, "अहो, बंदच करायचंय आणि परत चालूच व्हायला नकोय!" तो म्हणाला, "साहेब, फुली दाबली की ते जात नाही. खाली कोपऱ्यात, घड्याळाशेजारी जाऊन बसतं." जाऊन बसतं म्हणे! मांजर आहे का ते? मग त्यानं सांगितलं, सेटिंगमध्ये जा, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं ते बघा, त्या पंगतीतून ह्याला उठवा. मी गेलो. आत ही गर्दी! मी ज्यांना जन्मात हाक मारली नाही असले प्रोग्रॅम पहाटेपासून अंघोळ करून बसलेले. त्यातनं ह्याला शोधला, बंद केला, कॉम्प्युटर परत सुरू केला. शांतता. डोळे मिटले. टिंग! "नमस्कार! आम्ही स्वतःला अद्ययावत केलं आहे!" आणि अद्ययावत होताना माझं बंद केलेलं बटण ह्यानं स्वतःच्या हातानं चालू करून घेतलेलं! अरे, कुणी बोलावलं होतं तुला?

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा आता घरात नको. काढूनच टाकला. मुळापासून! विचारलं त्यानं, "तुम्हाला खात्री आहे का?" आहे. "तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतंय." वाटू दे! "जाण्याचं कारण सांगाल का?" मी लिहिलं, ताई. मग पुसलं आणि लिहिलं, टिंग.

गेला. कॉम्प्युटर कसा धुतल्यासारखा दिसायला लागला. मी बायकोला म्हटलं, "आता मला तासभर कुणी हाक मारायची नाही. काही ऐकू आलं तरी आत यायचं नाही. हा माझा फोनसुद्धा तुझ्याकडे ठेव." ती म्हणाली, "अहो, फोन तरी असू द्या जवळ." मी म्हटलं, "नको!" आणि रुबाबात कपाटात शिरलो, आतली मूठ धरून दार ओढून घेतलं, खटका बसला, खट्ट! आणि मूठ माझ्या हातात आली.

म्हणजे दार तिकडे, मूठ इकडे. खटका मुठीशिवाय फिरत नाही, आणि मूठ आता कुठल्याच बाजूनं कशालाच जोडलेली नाही. मी आधी म्हटलं, घाबरायचं नाही, आधी काम. आणि तुम्हाला सांगतो, काय वाचलंय ते प्रकरण! एक टिंग नाही, एक खोकला नाही. इन्स्पेक्टरनं नाव घेतलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. संपवलं, संपादकबाईंना पाठवलं आणि मग दाराकडे वळून हाक मारली, "अगं, जरा येतेस का?"

काही नाही. म्हटलं, रजयांनी आवाज गिळला. जोरात ओरडलो, "अगं ए! मी आत अडकलोय! वाचवा!" काही नाही. पुढे सगळं कळलं तिच्याकडूनच. हॉलमध्ये तिला ऐकू येत होतं हो! पण काय? "...वाचवा!" ती म्हणते, "मला वाटलं, खून चाललाय. आज जरा लांबलाय एवढंच. म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी केला, तुम्हाला अडथळा नको म्हणून." गुणाची आहे हो माझी बायको, पण त्या दिवशी इतकी गुणाची व्हायला नको होती!

मग माझ्या डोक्यात आलं, मेसेज! एक मेसेज केला की तिचा फोन वाजेल. एका टिंगचं काम! पण प्रोग्रॅम? मीच हाकललेला. संपादकबाईंना मेल केलं, "कपाटात अडकलोय, बायकोला फोन करा." लगेच उत्तर आलं, "मी बैठकीत आहे, नंतर संपर्क साधते." यंत्रानं दिलेलं. झालं! घेतला तो प्रोग्रॅम परत उतरवायला. आणि काय सांगू तुम्हाला... जो एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत हजर व्हायचा, तो आता सावकाश येतोय. गोल फिरतोय. थांबतोय. परत फिरतोय. अरे, आता बोलावतोय ना मी तुला! आता ये की!

आला. आला आणि म्हणाला, "तुम्ही कोण?"

मी कोण! इतके दिवस माझ्या छातीवर बसला होतास आणि आता मी कोण? म्हणाला, "तुमच्या फोनवर एक आकडा पाठवला आहे, तो इथे लिहा." फोनवर! फोन हॉलमध्ये, बायकोजवळ! मी परत मागवला. परत हॉलमध्ये गेला. मी परत परत मागवत राहिलो, आणि ओरडत राहिलो, "अगं, फोन बघ! फोन!"

आणि तिनं बघितला. पण तिनं काय बघावं? "कुणीतरी तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे. हे तुम्हीच आहात का?" ती म्हणाली, "छे! हे तर वाचतायत आत!" आणि दाबलं, नाही. मी परत मागवला, तिनं परत नाही. मी आत घामाघूम, ती बाहेर चोराशी झुंजतेय! शेवटी तिचा धीर सुटला, ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस? वाचतोय तर वाचतोय, त्याला उठव आधी!" तशी ही धावत बेडरूममध्ये आली, बाहेरची मूठ फिरवली, धाडकन दार उघडलं आणि ओरडली,

"अहो, तुमच्या खात्यात चोर शिरतोय!"

मी घामानं ओला, गळ्यात तिचा स्वेटर अडकलेला, हातात मूठ. म्हटलं, "तो चोर मीच आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मुठीकडे. मग जी हसत सुटली... पलंगावर बसून हसली, उठून पाणी आणलं तर ते हसता हसता निम्मं माझ्या पायावर सांडलं. मीसुद्धा हसलो. रडण्यापेक्षा बरं!

तोवर संपादकबाईंचा फोन. आवाज नुसता मध, बर्फाचं नाव नाही. "सरऽ, अप्रतिम! खुन्याचं नाव तर काय घेतलंत! आणि नंतरचं ते 'वाचवा, वाचवा'... सर, ऑफिसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी! फक्त 'अगं, फोन बघ' हे वाक्य आम्हाला पुस्तकात सापडलं नाही. ठेवू का?" म्हणजे पाठवताना गडबडीत रेकॉर्डिंग थांबवायचंच राहिलं होतं आणि फाइल आमच्या सामाईक फोल्डरमध्ये असल्यानं पुढचं सगळं आपोआप तिकडे पोचत होतं. मी म्हटलं, "ठेवा बाई, मनापासून म्हटलंय." पुढची तीन पुस्तकं मलाच दिली हो त्यांनी. अट एकच, ओरडायचं असंच.

फोन ठेवला, तर बायको कपाटात, माझ्या स्टुलावर. आकडा घालून तिनं तो प्रोग्रॅम सुरू केलेला. म्हणाली, "अहो, हे विचारतंय, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उघडू का म्हणून. काय सांगू?"

मी दारातल्या, मूठ निघालेल्या भोकाकडे बघितलं. रजयांकडे बघितलं. म्हटलं, "हो सांग."

"आणि आवाज? बंद ठेवू?"

"नको," मी म्हटलं. "मोठा ठेव."