लाल वायरीवरचा मेणाचा दोरा

वेलबर्न पोलीस ठाणे, मॅनिटोबा. दिनांक १६ ऑक्टोबर, सकाळी ९.४०.

नाव जिनेट लाव्हाले, वय ४१ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार एलिव्हेटर रोड, गॅरेजच्या मागची खोली, वेलबर्न.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावरचं गॅरेज पूर्वी ओरेस्ट पावलिक यांचं होतं. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागले. त्यांनी काम सोडलं तेव्हा गॅरेज माझ्याकडे आलं. ते आता ७९ वर्षांचे आहेत. मी त्यांना आजही मालक म्हणते. तीन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. कधी मला ओळखतात, कधी नाही.

त्यांच्या पत्नी स्टेफा, वय ७४, यांची १९८८ सालची तपकिरी स्टेशन वॅगन आहे. ३ सप्टेंबर रोजी त्या गाडी घेऊन आल्या. मध्येच डॅशबोर्डचे दिवे जातात, गाडी अडखळते, मिसिंग मारते, पाच मिनिटांनी आपोआप नीट होते, अशी तक्रार होती. बॅटरीची अर्थची वायर सैल होती, ती घासून घट्ट केली. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला तीन जोड होते. काळी कापडी पट्टी आणि वर मेण लावलेल्या दोऱ्याचे फेरे. ही पद्धत मालकांची. आता तसं कुणी बांधत नाही. जुनं काम असेल असं मी धरलं. पट्टी सोडली तेव्हा आतलं तांबं चकचकीत होतं. जुनं तांबं काळं पडतं. हे मी पाहिलं होतं. पुढे विचार केला नाही. ती वायर काढून मी नवी लाल वायर टाकली, अखंड, एकही जोड न देता.

१९ सप्टेंबरला गाडी पुन्हा आली. या वेळी फ्यूजच्या पेटीमागे एक जोड सैल निघाला. मागच्या खेपेला नजरेतून सुटला असेल असं मला वाटलं. स्टेफाकाकू म्हणाल्या, "आम्ही तिघंही म्हातारे झालो गं, मी, ते आणि गाडी." मी हसले. लाल वायर तपासली नाही.

१४ ऑक्टोबर रोजी सकाळी १०.२० च्या सुमारास गावाबाहेरच्या बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी रुळांवर बंद पडली. धान्याची मालगाडी येत होती. काकूंच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे. त्या दार उघडून खाली पडल्या आणि रांगत बाजूला गेल्या. मालगाडीच्या इंजिनाने वॅगनचा मागचा भाग उडवला. काकूंचं मनगट मोडलं. दुरुस्ती माझ्या हातची असल्याने दोष माझ्यावर येऊ शकतो, असं आपल्या अधिकाऱ्यांनी मला सांगितलं. मलाही तेच वाटत होतं.

१५ रोजी दुपारी दोन वाजता, माझ्या आवारात, आपल्या शिपायासमोर मी ओढून आणलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं. पुढचा भाग शाबूत होता. माझी लाल वायर दोन ठिकाणी कापलेली होती. टोकं पिळून जोडली होती. वर काळी पट्टी, मेणाचा दोरा. एक जोड सुटला होता. सुटलेल्या जोडासकट तो तुकडा सोडवून मी शिपायाला दाखवला.

त्याच्या परवानगीने तो तुकडा घेऊन मी त्याच्यासोबत पावलिक यांच्या घरी गेले. काकू एका हाताने पेरोगीच्या करंज्यांची पारी लाटत होत्या. मालक कुठे असतात दुपारचे, असं मी विचारलं.

"शेडमध्ये. दोन ते चार. बाहेर भटकतील म्हणून कडी घालते. तेवढाच माझा डोळा लागतो."

"काय करतात तिथे?"

"गाडी दुरुस्त करतात. हाताला काम असलं की शांत असतात बिचारे."

मी तुकडा टेबलावर ठेवला. काकूंनी तो ओळखला नाही. दोरा ओळखला. लाटणं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातानेच तोंड झाकलं.

मोडक्या हातामुळे त्या दिवशी शेडला कडी घालायची राहून गेली होती. तेवढ्यात मालक आत आले. "गाडी कुठे गेली? काम अर्धं राहिलंय." मग त्यांना तुकडा दिसला. चष्मा लावून खिडकीपाशी नेला. त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला.

"पोरी, हे आपोआप तुटलेलं नाही. पक्कडीने कापलंय. आणि कापणारा अडाणी नाही, बरं का. कसबी माणूस आहे. कुठल्या गाडीतलं?"

"तुमच्याच, मालक. काकू चालवत होत्या."

त्यांनी काकूंच्या हाताचं प्लॅस्टर पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्या स्टेफाच्या जिवावर कोण उठलंय? पोलिसांना फोन लाव. आत्ता!"

काकू म्हणाल्या, "जिनेट, नको."

"गप्प बस तू. तुला काही कळत नाही. तुला मारायला टपलंय कुणीतरी."

शिपाई दारातच उभा होता, तो मालकांच्या ध्यानात आला नाही. फोन मी लावून दिला, बोलले मालक. या प्रकरणात फिर्यादी म्हणून त्यांचं नाव आहे ते त्यामुळे. फोन झाल्यावर मोठा पाना घेऊन ते दाराशी खुर्ची टाकून बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

गाडीत बिघाड कुणी केला, या प्रश्नाचं उत्तर असं की, ओरेस्ट पावलिक यांनी केला. आपण दुरुस्त करतो आहोत असं समजून केला. ३ सप्टेंबरला तांबं चकचकीत का, एवढं मी विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. माझ्या कामातली चूक म्हणून हेही लिहून घ्यावं.

आज सकाळी ते काकूंचा हात धरून ठाण्यात आले आहेत. त्यांना एकटं सोडायला तयार नाहीत. मी आत येताना मला म्हणाले, "सगळं सांग. कुणाला पाठीशी घालू नकोस." त्याप्रमाणे सगळं सांगितलं आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, कुठे कमीजास्त नाही. मालक बाहेरच्या बाकावर बसलेले असल्याने वाचताना खोलीचं दार लावून घ्यावं, अशी मी विनंती केली होती. ती मान्य झाली.

सही: जिनेट लाव्हाले