माग बंद पाडणारं पुस्तक

पुस्तक चांगलं की वाईट, हे आमच्या कारखान्यात कुणाला विचारावं लागत नसे. मागांच्या आवाजावरून कळायचं. आम्हा चौघा विणकरांत वाचता यायचं ते एकट्या मला, म्हणून मी मोठ्यानं वाचायचो आणि माझ्या वाटणीचं लुगडं बाकीचे तिघं विणून द्यायचे. सदाचारावरचं पुस्तक काढलं की माग धडाधड चालायचे, कारण कुणी ऐकतच नसे. विलायतेच्या प्रवासवर्णनाला जरा मंदावले, तेही बोटीवर साहेबाला उलट्या झाल्या तेवढ्यापुरते.

मग मी वाचनालयातून खुनाची कादंबरी आणली. तिसऱ्या प्रकरणात सगळे माग गप्प.

ती शांतता ऐकून नरसय्यामालक धावत आत आले. "काय रे, कोण मेलं?"

"सावकार मेला, मालक," म्हातारा इरप्पा म्हणाला. "पर मारला कुणी, ते अजून कळंना."

मालकांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. "लई वाईट पुस्तक हाय. उद्या मीच परत देतो. आन् आजपासनं वाचन बंद."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्यानं विणत बसलो. रोज दिवस उगवताच हजर होणारे मालक उन्हं डोक्यावर आल्यावर आले. दाढी केलेली नव्हती, पुस्तक काखेतच होतं.

"परत न्हाई दिलं, मालक?" इरप्पानं विचारलं.

मालकांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. "शेवटची धा पानं राहिलीत. डोळे दुखायलेत माझे. तू वाच." मग सुताच्या गाठोड्यावर बसत ते बाकीच्यांवर खेकसले, "आन् तुमी ते माग बंद करा की. कायबी ऐकू येईना."